छेत्रीचा निरोप आणि भारतीय आघाडीतील रिकामी जागा

भारतीय फुटबॉल संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू सुनील छेत्री याने नोव्हेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा दुसऱ्यांदा निरोप घेतला. पहिला निरोप ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने झाला होता. दुसऱ्या निरोपाला असा कोणताही सोहळा लाभला नाही. २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला होता आणि छेत्रीने आपला निर्णय प्रशिक्षकांना कळवला, एवढेच घडले. तथापि, भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने पाहता हा दुसरा निरोपच अधिक विचार करायला लावणारा आहे. एखादा खेळाडू निवृत्त होणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. परंतु निवृत्त झालेल्या खेळाडूला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावे लागणे, ही त्या देशाच्या फुटबॉल व्यवस्थेच्या प्रकृतीची खूण मानावी लागते.

पात्रता फेरीतील आकडे पुरेसे बोलके आहेत. बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्या गटात भारताने पहिल्या पाच सामन्यांत एकही विजय मिळवला नाही. मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे बांगलादेशविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. जूनमध्ये हाँगकाँगने जादा वेळेतील पेनल्टीवर भारताला १-० असे हरवले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्धचा पहिला सामना रहीम अलीने अखेरच्या क्षणी केलेल्या गोलमुळे १-१ असा बरोबरीत राहिला. १४ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली होती, परंतु सिंगापूरने दोन गोल करून सामना जिंकला आणि भारताच्या आशा संपुष्टात आणल्या. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा पराभव झाला. बांगलादेशने भारताला हरवण्याची ही २२ वर्षांतील पहिलीच वेळ होती. पाच सामने आणि केवळ दोन गोल, असा हा हिशेब आहे. २०१९ आणि २०२३ या सलग दोन आशियाई करंडकांसाठी पात्र ठरलेल्या संघाची ही घसरण आहे.

या पाच सामन्यांत भारताच्या बचावातही त्रुटी होत्या, हे खरे. मात्र गमावलेल्या तीनही सामन्यांत पराभव एकाच गोलच्या फरकाने झाला आहे. मिळालेल्या संधीचे गोलमध्ये रूपांतर करणारा खेळाडू आपल्याकडे नव्हता, हे दुखणे त्यातून ठळकपणे समोर येते. ते का निर्माण झाले, हे समजून घ्यायचे तर छेत्रीच्या कारकिर्दीकडे एका व्यक्तीच्या पराक्रमाची गाथा म्हणून पाहून चालणार नाही. ज्या वाटेवरून तो इथवर आला, ती वाट आज कोणत्या अवस्थेत आहे, ते पाहायला हवे.

क्वेट्टा ते कोलकाता

सुनील छेत्रीचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील भारतीय सैन्यदलात होते, तर आई नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली होती. सैन्यातील नोकरीमुळे बदल्या होत राहिल्या आणि फुटबॉलची खरी सुरुवात दिल्लीत, सिटी क्लबकडून झाली. तेथून २००२ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, तो मोहन बागानसारख्या नामांकित संस्थेत दाखल झाला.

मोहन बागानमध्ये त्याला लगेच यश मिळाले असे नाही. २००५ मध्ये तो पंजाबातील फगवाडा येथील जेसीटी या गिरणीच्या संघात गेला आणि तिथे त्याचा खेळ बहरला. १२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध त्याने भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात पहिला आंतरराष्ट्रीय गोलही केला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि संघाचे प्रशिक्षक सुखविंदर सिंग हे होते.

त्या काळात भारतीय आघाडीचा आधार बायचुंग भुतिया होता. तरुण छेत्री त्याच्या शेजारी खेळत शिकत गेला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बॉब हाउटन यांच्या मार्गदर्शनाखाली २००७ मध्ये भारताने नेहरू करंडक जिंकला. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर एएफसी चॅलेंज करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले. त्यातील तीन गोल छेत्रीचे होते आणि चौथा भुतियाचा. या विजयामुळे भारत २०११ च्या आशियाई करंडकासाठी पात्र ठरला. १९८४ नंतर, म्हणजे २७ वर्षांनी, भारताला ही संधी मिळाली होती. दोहा येथील त्या स्पर्धेत भारताने तीनही सामने गमावले, पण बहरीन आणि दक्षिण कोरिया यांच्याविरुद्ध छेत्रीने गोल केले. भुतिया दुखापतीमुळे जवळपास पूर्ण स्पर्धा बाहेर होता. आघाडीची जबाबदारी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेली, ती तिथेच.

पुढील कामगिरी सर्वज्ञात आहे. २०११ च्या सॅफ स्पर्धेत सात गोल, २०१२ मध्ये कॅमेरूनला हरवून पुन्हा नेहरू करंडक, २०१९ च्या आशियाई करंडकात थायलंडवरील ४-१ अशा विजयात दोन गोल, २०२३ च्या सॅफ स्पर्धेत बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक आणि विजेतेपद. दीडशेहून अधिक सामन्यांत ९५ आंतरराष्ट्रीय गोल ही त्याची एकूण कमाई. पहिल्या निवृत्तीच्या वेळी, खेळत असलेल्या खेळाडूंमध्ये आंतरराष्ट्रीय गोलांच्या बाबतीत क्रिस्तियानो रोनाल्डो आणि लिओनेल मेस्सी हे दोघेच त्याच्या पुढे होते. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री आणि २०२१ मध्ये खेलरत्न हे सन्मान त्याला लाभले. खेलरत्न मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू ठरला.

या आकड्यांकडे डोळसपणे पाहिले पाहिजे, हेही तितकेच खरे. छेत्रीचे बरेचसे गोल दक्षिण आशियातील आणि आशियातील दुय्यम दर्जाच्या संघांविरुद्धचे आहेत, तसेच त्यांत पेनल्टीचाही वाटा आहे. मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या पंक्तीला केवळ संख्येच्या बळावर त्याला बसवणे योग्य नव्हे आणि खुद्द छेत्रीनेही तसा दावा कधी केला नाही. परंतु कोणताही आघाडीपटू आपल्या देशाला ज्या संघांशी खेळावे लागते, त्यांच्याविरुद्धच गोल करणार. त्या पातळीवर वीस वर्षे सातत्याने गोल करत राहणारा दुसरा भारतीय खेळाडू झाला नाही. साधारण पाच फूट सात इंच उंचीच्या या खेळाडूने हेडरने केलेले गोल, चेंडू येण्याआधीच बचावपटूंच्या मधली मोकळी जागा हेरण्याची त्याची दृष्टी आणि आहार व व्यायाम यांबाबतची काटेकोर शिस्त यांच्याच जोरावर तो वयाच्या चाळिशीपर्यंत टिकला.

परदेशाचे दरवाजे

छेत्रीच्या कारकिर्दीत आणखी एक धडा आहे आणि तो अपयशाचा आहे. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याच्याशी करार केला होता. परंतु भारताचे जागतिक मानांकन ठरावीक मर्यादेबाहेर असल्याने त्याला इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना मिळाला नाही. २०१० मध्ये तो अमेरिकेच्या कॅन्सस सिटी विझार्ड्स संघात गेला, पण तेथील लीगच्या सामन्यात त्याला संधी मिळाली नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनच्या ‘ब’ संघात तो दाखल झाला, तिथेही मोजके सामने खेळून तो परतला.

येथे एक दुष्टचक्र दिसते. राष्ट्रीय संघाचे मानांकन खाली असल्यामुळे खेळाडूला बाहेरच्या चांगल्या लीगमध्ये प्रवेश मिळत नाही, आणि खेळाडू बाहेर खेळत नसल्यामुळे संघाचे मानांकन वर जात नाही. मार्च २०१५ मध्ये भारत १७३ व्या क्रमांकापर्यंत घसरला होता. २०१७ मध्ये तो ९६ व्या क्रमांकावर आला, तेव्हा हे चक्र भेदले जाईल अशी आशा निर्माण झाली होती. २०२५ मध्ये संघ पुन्हा १३० च्याही खाली गेला आहे. छेत्रीला जे दरवाजे बंद मिळाले, ते त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी उघडले गेलेले नाहीत.

मोडलेली शिडी

छेत्री ज्या संघांतून घडला, त्यांची आजची स्थिती पाहिली म्हणजे प्रश्नाचे मूळ अधिक स्पष्ट होते. १९९६-९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला विजेता असलेला जेसीटी संघ २०११ मध्ये बंद झाला. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने गाशा गुंडाळला होता. २००९-१० मध्ये ज्या धेंपो संघाने आय-लीग जिंकली आणि ज्यात छेत्री खेळत होता, त्या संघाने साळगावकरसह २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. धेंपोला परतायला कित्येक वर्षे लागली. ज्या पुणे एफसीमधून मिझोरमच्या जेजे लालपेखलुआची कारकीर्द सुरू झाली, तो संघही राहिला नाही. पुढे पुणे शहराच्या नावाने इंडियन सुपर लीगमध्ये उतरलेला संघही २०१९ मध्ये संपला.

हे संघ श्रीमंत नव्हते, त्यांची मैदानेही झगमगती नव्हती. मात्र त्यांच्याकडे एक गोष्ट होती. वीस-एकवीस वर्षांच्या भारतीय आघाडीपटूला तिथे आठवड्यामागून आठवडा मैदानावर उतरायला मिळत होते. त्याने चार संधी वाया घालवल्या तरी पाचव्या संधीसाठी त्याला संघात ठेवले जात होते. आघाडीपटू हा प्रामुख्याने अनुभवातून घडतो. बचावपटूला डावपेच शिकवता येतात, मध्यरक्षकाला पास देण्याची शिस्त लावता येते. गोलसमोरच्या अर्ध्या क्षणात घ्यावयाचा निर्णय मात्र शेकडो वेळा तसा प्रसंग अनुभवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने भारतीय फुटबॉलला प्रेक्षक, पैसा आणि सोयी दिल्या, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या लीगच्या रचनेत सुरुवातीला एका संघातील सहा परदेशी खेळाडूंना एकाच वेळी मैदानावर उतरण्याची मुभा होती. २०१७-१८ पासून ही संख्या पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आणण्यात आली. उपलब्ध जागा कमी असल्या की प्रत्येक संघ आपले परदेशी खेळाडू संघाच्या कण्यावर, म्हणजे मध्य बचाव, मध्यक्षेत्र आणि मध्य आघाडी या जागांवर वापरतो. भारतीय खेळाडूंच्या वाट्याला बगला येतात. परिणामी गेल्या दशकभरात भारताला चांगले बगलेतील खेळाडू आणि चांगले बाजूचे बचावपटू मिळाले, पण मध्य आघाडीचा खेळाडू मिळाला नाही.

लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. इतकेच नव्हे, तर बंगळूर एफसीकडून खेळताना खुद्द छेत्रीलाही अनेक हंगाम डाव्या बगलेत खेळावे लागले आणि मध्य आघाडीला व्हेनेझुएलाच्या मिकूसारखा परदेशी खेळाडू असे. देशाचा सर्वात मोठा आघाडीपटू क्लबसाठी बगलेत खेळतो, तेव्हा तरुणांना कोणत्या जागी संधी मिळत असेल, हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की छेत्री ही लीग सुरू होण्याआधीच घडला होता.

यात क्लबांना सर्वस्वी दोषी धरणेही न्याय्य ठरणार नाही. पैसे गुंतवणाऱ्या मालकाला निकाल हवा असतो, प्रशिक्षकाला आपले पद टिकवायचे असते. अशा स्थितीत अननुभवी तरुणापेक्षा अनुभवी परदेशी आघाडीपटूवर विश्वास टाकणे त्यांना सोयीचे वाटणारच. म्हणूनच हा प्रश्न क्लबांच्या सद्भावनेवर न सोडता नियमांच्या चौकटीत सोडवावा लागतो आणि ती जबाबदारी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची आहे.

२०१७ च्या पिढीचे काय झाले?

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा नवी मुंबईसह सहा शहरांत सामने झाले. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारतीय संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्धचे तीनही सामने भारताने गमावले, परंतु ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल म्हणून नोंदला गेला. त्या संघातील मुलांकडे देशाने मोठ्या आशेने पाहिले होते.

त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तालमींच्या नावाने फुटबॉल संघ चालवणाऱ्या आणि शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना गर्दी करणाऱ्या कोल्हापूरसाठी ती अभिमानाची गोष्ट होती. पुढील वर्षांत या पिढीचे काय झाले? जॅक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली हे मध्यरक्षक आणि बचावपटू म्हणून वरिष्ठ राष्ट्रीय संघात स्थिरावले. आघाडीची फळी मात्र विखुरली. अनिकेत आणि राहुल के. पी. यांना सुपर लीगमध्ये प्रामुख्याने बगलेत खेळावे लागले. रहीम अलीला मध्य आघाडीला खेळण्याची संधी अधूनमधूनच मिळाली. सिंगापूरविरुद्ध ऑक्टोबर २०२५ मध्ये बरोबरीचा गोल करणारा रहीम हाच, हे लक्षात घेतले म्हणजे गुणवत्ता नव्हती असे म्हणता येत नाही.

त्या विश्वचषकानंतर याच मुलांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये उतरवण्यात आले होते. या प्रयोगाचा पहिला टप्पा २०१० मध्ये सुरू झाला होता आणि त्यातूनच जेजे पुढे आला. जेजेने वरिष्ठ संघासाठी २३ गोल केले. छेत्रीला मैदानावर खऱ्या अर्थाने साथ देणारा तोच अखेरचा आघाडीपटू ठरला. गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द अकाली आटोपली. इंडियन ॲरोज हा संघ २०२२ मध्ये बंद करण्यात आला. विजय-पराजयाच्या दडपणाविना तरुणांना नियमित सामने देणारी ती एकमेव राष्ट्रीय व्यवस्था होती. तिच्या जागी आलेल्या तरुणांच्या लीग उपयुक्त असल्या तरी वरिष्ठ खेळाडूंशी दोन हात करण्याचा अनुभव त्या देऊ शकत नाहीत.

परत बोलावणे योग्य होते काय?

छेत्रीच्या पहिल्या निरोपानंतरचे चित्र काय होते? २०२४ या संपूर्ण वर्षात भारताने ११ सामने खेळले, एकही जिंकला नाही आणि केवळ चार गोल केले. जानेवारीत कतार येथील आशियाई करंडकात, छेत्री संघात असतानाही, तीन सामन्यांत एकही गोल झाला नव्हता. मार्चमध्ये गुवाहाटीत आपल्या १५० व्या सामन्यात छेत्रीने पेनल्टीवर गोल केला, पण अफगाणिस्तानने सामना २-१ असा जिंकला. जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीतून बाहेर पडल्यावर इगोर स्टिमॅक यांना पदावरून दूर करण्यात आले आणि मानोलो मार्केझ यांची नियुक्ती झाली.

त्याच सुमारास सुपर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात चाळिशीतील छेत्रीने १४ गोल केले. भारतीय खेळाडूंमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. प्रशिक्षकाने उपलब्ध असलेल्या खेळाडूंपैकी सर्वाधिक गोल करणाऱ्याला बोलावले, तर त्यात तर्कदृष्ट्या गैर काही नाही. मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात छेत्रीने ९५ वा गोल केला आणि भारताने सोळा महिन्यांनी विजय मिळवला, तेव्हा तो निर्णय सार्थ ठरल्यासारखा वाटला. परंतु ज्या पात्रता फेरीसाठी त्याला परत आणले होते, तीत त्याला गोल करता आला नाही.

टीकाकारांचे म्हणणे असे की, या काळात जी मिनिटे छेत्रीला मिळाली, ती एखाद्या तरुणाला मिळाली असती तर निदान भविष्याची पायाभरणी झाली असती. यात तथ्य आहे. पण प्रतिवादही तितकाच सबळ आहे. जो तरुण क्लबसाठी मध्य आघाडीला खेळतच नाही, त्याला राष्ट्रीय संघात नव्वद मिनिटे तिथे उभे केल्याने तो आघाडीपटू होत नाही. राष्ट्रीय संघाच्या शिबिरात वर्षातून मोजके दिवस मिळतात. खेळाडू क्लबमध्ये घडतात, शिबिरात नव्हे. त्यामुळे छेत्रीला का बोलावले यापेक्षा, देशातील सर्वाधिक गोल करणारा भारतीय चाळीस वर्षांचा का असावा, हा प्रश्न विचारणे अधिक इष्ट ठरेल.

नवी फळी, नवे प्रशिक्षक

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी निवड झाली. तेरा वर्षांनंतर प्रथमच भारतीय प्रशिक्षकाकडे ही धुरा आली. मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे काढलेल्या जमील यांनी २०१६-१७ मध्ये ऐझॉल एफसी या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. मर्यादित साधनांतून संघ उभा करणे हे त्यांचे वैशिष्ट्य मानले जाते. त्यांच्या पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियाई संघांच्या काफा नेशन्स करंडकात, भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानवर पेनल्टीद्वारे मात केली. छेत्री त्या स्पर्धेत नव्हता. नंतरच्या पात्रता सामन्यांत मात्र ही लय टिकली नाही.

वयोगटांच्या संघांकडून येणाऱ्या बातम्या अधिक आश्वासक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तेवीस वर्षांखालील संघाने आशियाई पात्रता फेरीत बहरीनला हरवले, जरी त्याला पुढची फेरी गाठता आली नाही. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबाद येथे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील सतरा वर्षांखालील संघाने इराणसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला २-१ असे नमवून आशियाई करंडकाची पात्रता मिळवली. महिला फुटबॉलमध्ये तर जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडला त्यांच्या देशात २-१ असे हरवून आशियाई करंडकात स्थान मिळवले. संगीता बासफोरचे दोन गोल त्या विजयात निर्णायक ठरले. मुले-मुली पंधरा-सोळा वर्षांपर्यंत आशियातील चांगल्या संघांशी टक्कर देऊ शकतात, हे यातून सिद्ध होते. गळती लागते ती त्यानंतर, अठरा ते तेवीस या वयात.

उझबेकिस्तानचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ मध्ये ज्या उझबेक संघाने भारताला ३-० असे हरवले, त्या देशाने २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथमच पात्रता मिळवली. त्याआधी २०२३ मध्ये वीस वर्षांखालील आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई करंडक त्या देशाने जिंकला होता. वयोगटातील यश आणि वरिष्ठ संघाचे यश यांच्यामध्ये जो पूल लागतो, तो त्यांनी बांधला. आपल्याकडे दोन्ही काठ आहेत, पूल नाही.

मैदानाबाहेरचा पेच

दुर्दैवाने, ज्या काळात या पुलाचा विचार व्हायला हवा होता, त्याच काळात भारतीय क्लब फुटबॉल अनिश्चिततेत सापडले. महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यात २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या कराराबाबत वेळेत निर्णय न झाल्याने सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, काही क्लबांनी सराव थांबवला. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये लीग छोट्या स्वरूपात सुरू झाली. आदल्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीत २४ सामने होते. या हंगामासाठी ती संख्या १३ ठरवण्यात आली.

प्रशासकीय भाषेत हा वेळापत्रकाचा फेरबदल आहे. एकवीस वर्षांच्या आघाडीपटूच्या दृष्टीने मात्र हे गमावलेले अर्धे वर्ष आहे. सामने कमी झाले की प्रत्येक सामन्याचे मोल वाढते, आणि मोल वाढले की प्रशिक्षक प्रयोग करण्याचे टाळतात. त्याचा पहिला फटका तरुणांनाच बसतो.

पुढची दिशा

उपाय नवीन नाहीत. पहिला उपाय सामन्यांच्या संख्येचा. तरुण खेळाडूला वर्षाकाठी किमान तीस-पस्तीस स्पर्धात्मक सामने मिळतील असे वेळापत्रक हवे आणि ते किमान काही वर्षांसाठी निश्चित हवे. दुसरा उपाय जागेचा. देशांतर्गत करंडक स्पर्धांत परदेशी आघाडीपटूंवर मर्यादा घालून भारतीयांना मध्य आघाडी मोकळी करून देता येईल. त्यामुळे लीगच्या दर्जाला धक्का लागणार नाही आणि प्रयोगही होईल. तिसरा उपाय खालच्या लीगचा. आय-लीगमधील संघांकडे सुपर लीगमधील तरुण आघाडीपटू एका हंगामासाठी उसने देण्याची प्रथा रुजवली, तर त्यांना नियमित खेळता येईल. चौथी बाब राज्य लीगची. मिझोरम, मणिपूर, केरळ, बंगाल, गोवा यांच्याप्रमाणे महाराष्ट्रातही खेळाडू आहेत, पण त्यांना वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा नाहीत.

परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंचा पर्यायही पुढे आला आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि मातृकुल मुंबईचे असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. असे खेळाडू संघाला बळ देतील, त्यांचे स्वागतच व्हावे. मात्र देशाच्या व्यवस्थेतील उणीव त्यांनी भरून काढावी, ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्याय करणारी ठरेल.

जून २०१८ मध्ये मुंबईत चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला केवळ २,५६९ प्रेक्षक होते. छेत्रीने त्या सामन्यात हॅटट्रिक केली होती. त्यानंतर त्याने चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याचे आवाहन केले आणि केनियाविरुद्धचा पुढचा सामना, जो त्याचा शंभरावा होता, खचाखच भरलेल्या मैदानावर झाला. भारतीय फुटबॉलमध्ये प्रेक्षक गोळा करण्याचे कामही आघाडीपटूलाच करावे लागते, हे त्या वेळी कौतुकाने सांगितले गेले. आज मागे वळून पाहता त्यातील विसंगती जाणवते. एका खेळाडूने गोल करावेत, संघाचे नेतृत्व करावे, प्रेक्षक आणावेत आणि निवृत्तीनंतरही परत यावे, अशी अपेक्षा वीस वर्षे ठेवली गेली. त्याने ती शक्य तितकी पूर्ण केली. त्या वीस वर्षांत त्याचा वारसदार घडवण्याचे काम मात्र ज्यांचे होते, त्यांच्याकडून झाले नाही.

इराणला हरवणारी सतरा वर्षांखालील मुले २०३० च्या सुमारास वीस-एकवीस वर्षांच्या आसपास असतील. छेत्रीने क्वेट्टात पहिला गोल केला, तेव्हा तो साधारण त्याच वयाचा होता. त्यांच्यापैकी एखादा आघाडीपटू तोवर मध्य आघाडीला शंभर क्लब सामने खेळलेला असेल की बगलेत राखीव म्हणून बसलेला असेल, यावर भारतीय संघाचे पुढील दशक अवलंबून राहील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी महासंघाकडे आणि क्लबांकडे आता चार-पाच वर्षांचाच अवधी आहे.